पौंड, सॉरी आणि तुमची पत



गल्ल्यातून एक शंभराची नोट काढा आणि आज ती मोजू नका, वाचा. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आहे आणि तिच्यासोबत एक ओळ आहे. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन मी देतो, असा तिचा साधा अर्थ. म्हणजे दिवसभर आपण जे घेतो, देतो, रात्री मोजून रबर लावून ठेवतो, ते कुणीतरी सही करून दिलेलं वचन असतं.

आता दुसरी गोष्ट. आजच्या दिवसात काउंटरवर तुम्ही किती वेळा 'सॉरी' म्हणालात? "सॉरी, तो साइज संपला." "सॉरी काका, सुट्टे नाहीत." "सॉरी मॅडम, उद्या नक्की देतो." हे मोजायची सवय आपल्याला नसते, कारण सॉरीला पैसे पडत नाहीत असं आपण धरून चालतो.

नोटेवरच्या वचनाची पद्धत आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात आली, आणि 'सॉरी' हा शब्दसुद्धा त्यांचाच. त्या देशात पैशाचा इतिहास आणि माफीची सवय या दोन गोष्टी एकमेकींच्या फार जवळून चालत आल्या आहेत. धंदा सुरू करणाऱ्या माणसाने हा इतिहास समजून घ्यावा, कारण त्यातून एक सरळ नियम निघतो: नोट काय किंवा सॉरी काय, दोन्ही चिठ्ठ्याच. त्यांच्यामागे काही ठेवलेलं असेल तोवरच त्या चालतात. मराठीत आपण याला एका अक्षरी जोडीत म्हणतो, पत.

आधी ठरली माफीची किंमत

बीबीएला असताना पैशाची व्याख्या पाठ केली होती: विनिमयाचं माध्यम, मूल्याचं मोजमाप, मूल्याचा साठा. परीक्षेत मार्क मिळाले. पण लोकांनी पैसा कशाकशासाठी वापरला हे त्या व्याख्येत नव्हतं.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट नावाचा भाग आहे. इ. स. ६०० च्या आसपास तिथे एथेलबर्ट नावाचा राजा होता. त्याचे कायदे आजही उपलब्ध आहेत, आणि इंग्रजी भाषेत लिहिलेले, टिकून राहिलेले सगळ्यात जुने कायदे ते हेच. वाचायला घेतले तर दुकानातलं रेटकार्ड वाचतोय असं वाटतं. भांडणात कुणाचा पुढचा दात पाडला तर ६ शिलिंग. त्याच्या शेजारचा दात ४ शिलिंग, त्याच्या पलीकडचा ३, आणि बाकीचे प्रत्येकी १ शिलिंग. कान कापला तर १२ शिलिंग. अंगठा तोडला तर २०, नुसतं अंगठ्याचं नख गेलं तर ३.

हे रेटकार्ड कशासाठी? तर दात पाडणाऱ्याच्या घरी दुसरं घर कुऱ्हाडी घेऊन जाऊ नये म्हणून. भरपाई द्या, वैर मिटवा, दोन्ही घरं पुन्हा कामाला लागू देत. इथे पैशाचं काम भाजी-धान्य विकत घेण्याचं नव्हतं. बिघडलेलं नातं दुरुस्त करायचं होतं.

इंग्रजीतला 'पे' हा शब्द बघा. तो लॅटिनमधल्या 'पाकारे' या शब्दातून फ्रेंचमार्गे आला, आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणं, समजूत घालणं. पैसे देणं म्हणजे समोरच्याला शांत करणं! उधारीच्या तगाद्याचा फोन ज्याने कधी घेतला आहे, त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि 'सॉरी'? तो जुन्या इंग्रजीतल्या 'दुखणं' या अर्थाच्या शब्दातून आला. तुझं जे दुखलं ते मलाही दुखतंय, असा त्याचा मूळ भाव. म्हणजे एक शब्द दुखणं ओळखतो आणि दुसरा ते भरून काढतो. दोघांचं काम एकच, हिशेब पुन्हा बरोबरीला आणणं.

काठी, सोनार आणि राजाने बुडवलेले पैसे

आता काही शतकं पुढे येऊ. मध्ययुगात इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात हिशेब कागदावर कमी आणि लाकडावर जास्त चालायचा. एक काठी घ्यायची, बहुधा हेझेल झाडाची. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी मधोमध उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग जुळवायचे. लाकडाच्या रेषा आणि खाचा जुळल्या तर व्यवहार खरा. खोटी चिठ्ठी बनवायला वावच नाही.

या काठीला इंग्रजीत 'टॅली' म्हणायचे. तुमचा अकाउंटंट 'हिशेब टॅली होत नाही' म्हणतो ना, तो हाच शब्द. या काठ्या रद्द झाल्या १८२६ साली. साठलेल्या जुन्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या संसदभवनातल्या भट्टीत जाळायला घेतल्या, त्या इतक्या पेटल्या की संसदेची दोन्ही सभागृहं जळून गेली. जुनी वहीखाती जपून निकालात काढा, एवढा धडा तर इथेच मिळाला!

पण आपल्याला हवी असलेली गोष्ट सतराव्या शतकातली आहे. लंडनचे व्यापारी आपलं सोनं-चांदी सुरक्षित म्हणून टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीत ठेवायचे. १६४० मध्ये राजा पहिला चार्ल्स पैशांच्या अडचणीत आला आणि त्याने ते अडकवून ठेवलं. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पुढे सोनं सुटलंही. पण विश्वास सुटला तो सुटलाच. लोक आपलं सोनं सोनारांकडे ठेवू लागले. सोनार पावती द्यायचा. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की दर वेळी सोनं काढून आणायची गरज नाही, पावतीच पुढे केली तरी माल मिळतो. पावती हातोहात फिरायला लागली. आपल्याकडच्या पेढ्यांवर हुंडी चालायची ना, तसाच विचार. कागदाला किंमत नाही, ज्याची सही आहे त्या पेढीला किंमत आहे.

मग १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने सरकारी देणी द्यायचं थांबवलं. सोनारांनी राजाला दिलेली दहा लाख पौंडांहून मोठी रक्कम अडकली. काही बडे सोनार यात बुडाले, आणि त्यांच्याकडे ठेवी ठेवणारी साधी माणसंही त्यांच्यासोबत गोत्यात आली. राजाची सही होती, पण सहीमागे काही नव्हतं.

म्हणून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली तेव्हा रचना बदललेली होती. राजाला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. लोकांनी भाग घेऊन १२ लाख पौंड उभे केले आणि सरकारला ८ टक्के व्याजाने कर्ज दिलं. फरक असा की आता व्याजाची हमी राजाच्या शब्दावर नव्हती. संसदेने ठरावीक करांचं उत्पन्न त्यासाठी बांधून दिलं होतं. वचन तेच, पण आता त्याच्यामागे आटलेला झरा नव्हता, वाहती नळजोडणी होती. पैसे दोन आठवड्यांच्या आत जमले.

१७९७: पैसे देता येत नाहीत, पण वही उघडी आहे

या सगळ्या इतिहासात माझा आवडता प्रसंग १७९७ चा आहे, आणि उधारीवर धंदा करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा.

इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं. फेब्रुवारीत थोडे फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ उतरले. ते दोन दिवसांत शरण आले, पण बातमी पसरायची ती पसरली. लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले. बँकेतलं सोनं भराभर कमी होऊ लागलं. शेवटी सरकारने आदेश काढला की बँकेने तूर्त नोटांच्या बदल्यात सोनं देऊ नये.

म्हणजे नोटेवर जे वचन छापलं होतं, ते चक्क थांबवलं. हिशेबाने पाहिलं तर नोटेची रद्दी व्हायला हवी होती. झाली का? नाही. लंडनच्या व्यापाऱ्यांनी सभा घेतली आणि आम्ही या नोटा घेत राहू असं जाहीर करून त्याखाली सह्या केल्या. संसदेच्या समितीने बँकेची खाती तपासली आणि देण्यापेक्षा येणं जास्त आहे असा अहवाल दिला. थोडक्यात निरोप असा गेला: आज सोनं देता येत नाही, हे खरं. का देता येत नाही, ते हे. आमची मालमत्ता किती, ती बघून घ्या.

नंतरच्या काळात नोटा जास्त निघाल्या तेव्हा सोन्याच्या मानाने त्यांची किंमत घसरलीही. सगळं गोडच झालं असं मी म्हणणार नाही. पण बँक उभी राहिली आणि १८२१ साली तिने पुन्हा नोटेवर सोनं द्यायला सुरुवात केली. मधे तब्बल २४ वर्षं गेली! पुढे १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याशी असलेलं नातं कायमचं तोडलं. आज पौंडाच्या नोटेवर वचनाची ओळ आहे, तिच्या बदल्यात सोनं मिळत नाही. पण एक शब्द बँक पाळते. चलनातून काढलेली जुनी खरी नोट कितीही वर्षांनी नेली तरी बँक ऑफ इंग्लंड तिची किंमत देते. पत अशी सांभाळतात.

ब्रिटिश सॉरी म्हणजे सुट्टे पैसे

आता दुसऱ्या चिठ्ठीकडे वळू.

ब्रिटिश माणूस सॉरी म्हणतो ते कुठेकुठे? तुमचं बोलणं ऐकू आलं नाही तर "सॉरी?" गर्दीतून वाट काढायची तर "सॉरी." हॉटेलात सूप थंड आलं तर वेटरला "सॉरी, पण हे जरा गरम करून मिळेल का?" केट फॉक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तर प्रयोगच केला. स्टेशनवर, रस्त्यावर मुद्दाम लोकांना धक्के दिले. धक्का बाईंचा, आणि सॉरी म्हणणारे समोरचे! सुमारे ८० टक्के इंग्लिश माणसांनी असं केलं, असं त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. २०१६ मध्ये यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेने ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांची तुलना केली, तेव्हा अमेरिकनांच्या दर १० सॉरींमागे ब्रिटिशांची १५ सॉरी निघाली.

यात पश्चात्ताप शोधायला जाऊ नका. हे सॉरी म्हणजे सुट्टे पैसे. रोजचे छोटे व्यवहार अडू नयेत, घासाघासी होऊ नये, म्हणून खिशात ठेवलेली चिल्लर. मी तुमच्या जागेत येतोय, तुमचा वेळ घेतोय, हे मला माहीत आहे, एवढंच ते सांगतं. गर्दीच्या बेटावर हे उपयोगी पडतं, आणि गर्दीच्या काउंटरवरही पडतं.

अडचण पुढे होते. मोठं देणं चिल्लरमध्ये फेडायला गेलात की ग्राहक चिडतो. नवरीचा ब्लाउज लग्नाच्या दिवशी तयार नसेल आणि टेलर "सॉरी हं ताई" म्हणून हसला, तर ताईंना काय वाटेल? पाचशे रुपयांच्या देण्यावर कुणी हातात एक रुपया टेकवला, असंच ना!

सॉरीचा भाव काय?

माफी आणि पैसा यांची थेट तुलना करणारा एक अभ्यास ब्रिटनमधल्याच नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी केला. ईबेवर माल विकणारी एक मोठी जर्मन कंपनी होती. तिला वाईट किंवा मध्यम शेरा देणारे ६३२ ग्राहक घेतले. काहींना दोन ओळींची माफी पाठवली. काहींना शेरा मागे घेण्यासाठी अडीच किंवा पाच युरो देऊ केले. निकाल असा की माफी मिळालेल्यांपैकी ४५ टक्के लोकांनी शेरा मागे घेतला, आणि पैसे देऊ केलेल्यांपैकी फक्त २३ टक्के लोकांनी.

हे वाचून आनंद होतो. म्हणजे फुकटात काम झालं! पण थांबा, दुसरा अभ्यासही ऐका.

अमेरिकेत उबर टॅक्सीचे जे प्रवासी खूप उशिरा पोचले, त्यांच्यावर अर्थशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग केला. तिथे नुसत्या माफीने फारसा फरक पडला नाही. ५ डॉलरचं कूपन मिळालं तेव्हा लोक टिकले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांना थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा माफी मिळाली, ते माफी न मिळालेल्यांपेक्षाही जास्त नाराज झाले आणि कमी खर्च करू लागले.

दोन निकाल उलटे कसे? मला दिसतं ते असं. माफी ही नोट आहे. पहिल्यांदा लोक विश्वासाने घेतात. पण प्रत्येक माफीत एक वचन लपलेलं असतं: पुढच्या वेळी असं होणार नाही. ते मोडलं की दुसरी माफी पहिलीच्या किमतीलाही खाते. नोटा छापत सुटलेल्या सरकारच्या चलनाचं जे होतं, तेच सॉरी छापत सुटलेल्या दुकानाचं होतं. यालाच महागाई म्हणतात मित्रांनो, फक्त इथे भाव तुमच्या शब्दाचा पडतो.

मागे सोनं नसलेली माफी, आणि असलेली

ब्रिटनमधलीच दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं, बँकांचं. २००८ च्या आर्थिक संकटात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड बुडायला आली आणि ब्रिटिश सरकारला तिच्यात एकूण ४५.५ अब्ज पौंड, म्हणजे जनतेचा पैसा, घालावा लागला. १० फेब्रुवारी २००९ ला या बँकेचे आणि एचबीओएस या दुसऱ्या बँकेचे माजी प्रमुख संसदेच्या समितीसमोर बसले आणि चौघांनीही माफी मागितली. शब्द चांगले होते. पण त्याच महिन्यात बाहेर आलं की रॉयल बँकेचे माजी प्रमुख फ्रेड गुडविन यांना वर्षाला सुमारे ७ लाख पौंड पेन्शन मिळणार आहे. लोक भडकले. काही महिन्यांनी त्यांनी पेन्शन जवळजवळ निम्म्यावर आणायला मान्यता दिली, पण तोवर माफीचा भाव शून्य झाला होता. २०१२ मध्ये त्यांचा 'सर' हा किताबही काढून घेण्यात आला. माफी मागताना स्वतःच्या खिशातून काहीच गेलं नाही, तर ऐकणारा लगेच ओळखतो.

दुसरं उदाहरण चिकनचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये केएफसीने ब्रिटनमध्ये माल पोचवणारी कंपनी बदलली आणि नव्या व्यवस्थेत घोळ झाला. सुमारे ९०० आउटलेटपैकी निम्म्याहून जास्त बंद ठेवायची वेळ आली. चिकनच्या दुकानात चिकन नाही! कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. रिकामी बादली, आणि तिच्यावर आपल्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून स्वतःलाच हासडलेली शिवी. खाली सरळ माफी. दोष मालवाहतूकवाल्यावर ढकलला नाही. राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आणि फ्रँचायझीवाल्यांचे आभार मानले. आणि तुमच्या जवळचं कोणतं आउटलेट उघडं आहे ते कुठे बघायचं, हेही सांगितलं.

त्या जाहिरातीतल्या विनोदाचं सगळे कौतुक करतात. मला त्यातली शेवटची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माफीसोबत ग्राहकाच्या हातात उपयोगाचं काहीतरी पडलं.

"पण मॅडम, चूक कबूल केली तर समोरचा डोक्यावर बसेल ना?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. ब्रिटनमध्येही लोकांना हीच भीती होती. म्हणून तिथे २००६ च्या भरपाई कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की माफी मागणं किंवा भरपाई देऊ करणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली होत नाही. तो कायदा इंग्लंड आणि वेल्सचा आहे, आपला नाही. तेव्हा अपघात, इजा, मोठं नुकसान असा मामला असेल तर आधी वकिलाशी बोला. पण उशिरा गेलेली ऑर्डर, चुकीचा रंग, जास्त लागलेलं बिल या गोष्टींत घाबरण्यासारखं काही नाही.

आता आपल्या काउंटरवर

इतिहास झाला, आता काम. या पाच गोष्टी या आठवड्यात सुरू करा.

१. दर सांगताना सॉरी नको. "सॉरी, थोडं महाग पडेल" हे वाक्य नवीन उद्योजकांच्या तोंडी फार असतं. दर ही चूक नाही. "याचे ८५० रुपये, यात शिलाई आणि अस्तर दोन्ही आलं," असं सरळ सांगा आणि गप्प बसा. ग्राहकाला थांबावं लागलं तर दर वेळी सॉरीऐवजी "थांबलात, आभारी आहे" म्हणा. सुट्टे पैसे जपून वापरा.

२. मोठ्या चुकीला पूर्ण माफी द्या. तीत चार गोष्टी हव्यात: काय चुकलं, चूक कुणाची, आत्ता काय देतो, पुढे काय बदलतो. 'जर तुम्हाला त्रास झाला असेल तर' असलं 'जर' नको. डब्याचा व्यवसाय असेल तर मेसेज असा जाईल: "ताई, तुमचे ४० डबे ११ वाजता पोचायला हवे होते, १२ वाजता पोचले. गाडी आम्ही उशिरा काढली, चूक आमची. आजच्या डिलिव्हरीचे पैसे घेत नाही. पुढच्या वेळी डबे साडेदहालाच तुमच्या दारात असतील." यात रडगाणं नाही, ड्रायव्हरचा ताप नाही, ट्रॅफिक नाही. 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशा पाट्या आपण सगळे वाचतो आणि विसरतो, कारण त्यात यातली एकही गोष्ट नसते.

३. माफीसाठी राखीव रक्कम ठेवा. बँक सोनं ठेवायची, तुम्ही गल्ल्यात एक वेगळं पाकीट ठेवा. महिन्याची विक्री दीड लाख असेल आणि त्यातला १ टक्का बाजूला काढलात तर १,५०० रुपये होतात. ग्राहकाची चूक निस्तरायला हे पैसे. आणि काउंटरवरच्या मुलाला अधिकार द्या की १०० रुपयांपर्यंतचा प्रश्न त्याने न विचारता मिटवायचा. नाहीतर तो बिचारा नुसतं सॉरी म्हणत राहतो, कारण त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नसतं.

४. माफीची वही ठेवा. तारीख, ग्राहक, काय चुकलं, काय दिलं, शब्द पाळला का. पाच रकाने, साधी शंभर पानी वही. महिनाअखेर चाळा. एकाच कारणासाठी तीनदा सॉरी म्हटलेलं दिसलं तर चौथं सॉरी बंद, आधी ते कारण दुरुस्त करा. दर शनिवारी डिलिव्हरी उशिरा जाते? मग शनिवारच्या ऑर्डर कमी घ्या. इथे हिशेब टॅली झालाच पाहिजे.

५. देणं थकलं तर १७९७ आठवा. ही पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड. सप्लायरचे ६०,००० द्यायचे आहेत आणि खात्यात २०,००० आहेत. बहुतेक जण काय करतात? फोन उचलायचं बंद करतात. फोन उचलला नाही की त्याला वाटतं हा पळाला, आणि ही बातमी बाजारात संध्याकाळपर्यंत फिरते. त्याऐवजी तारखेच्या दोन दिवस आधी तुम्हीच जा. "शेठ, पूर्ण रक्कम जमणार नाही. हे वीस आत्ता घ्या. माझं येणं अमुक तमुककडे अडकलंय, ही बिलं बघा. उरलेल्यातले वीस पंधरा तारखेला आणि वीस तीस तारखेला." आणि जी तारीख बोलाल ती पाळता येईल अशीच बोला. बाजारात अडचणीत आलेल्या माणसाला लोक सांभाळून घेतात. गायब झालेल्याला घेत नाहीत. पुढच्या सीझनला माल उधारीवर मिळणार की रोखीने, हे त्या एका भेटीत ठरतं.

कर्जाला तारण लागतं, दुकानाला भाडं लागतं, जाहिरातीला पैसे लागतात. आपण नवीन माणसं, हे सगळं आपल्याकडे सुरुवातीला थोडंच असतं. पण शब्द पहिल्या दिवसापासून आपल्याकडे असतो आणि त्याचा भाव आपणच ठरवतो. इंग्लंडच्या राजांना हे कळायला बरंच नुकसान सोसावं लागलं, ते त्यांना झेपलं. आपल्याला झेपणार नाही, आपला गल्ला लहान आहे.

तर आजचा गृहपाठ. वही घ्या, पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि गेल्या महिन्यात ज्या एका ग्राहकाला किंवा सप्लायरला तुम्ही नुसतं सॉरी म्हणून वाटेला लावलं, त्याचं नाव लिहा. उद्या दुकान उघडल्यावर पहिला फोन त्याला. काय चुकलं आणि काय देताय, एवढंच बोला. फोन झाला की पाचवा रकाना मोकळा ठेवा. तो भरायला अजून वेळ आहे.